"काय दिसतंय?" "गाड्या."

आज दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. लेकाचा. शाळेची व्हॅन बंद पडलीय, व्हॅनवाल्या काकांच्या फोनवरून बोलतोय, तू ये न्यायला. म्हटलं, कुठे आहात? "माहीत नाही." काय दिसतंय? "गाड्या." अजून? "एक टेकडी आहे. वर देऊळ आहे."

अरे, पर्वती ती! सारसबागेपाशी उभा होता पोरगा आणि त्याला पर्वती ओळखता येईना. त्याच टेकडीच्या पलीकडे, सहकारनगरात, जन्मल्यापासून राहतोय. बारा वर्षांचा घोडा झालाय. किती वेळा चढलाय ती. पण या बाजूने कशी दिसते ते बघायची वेळच आली नाही. पहिलीपासून व्हॅनमध्ये मधल्या सीटवर, मांडीवर दप्तर, खिडकीला जाळी. घरी बसायचं, शाळेत उतरायचं. मधलं पुणे त्याच्या लेखी नाहीच.

मला आजी आठवली. आम्ही सदाशिव पेठेत राहायचो. मंडईतून भाजी घेतली, तुळशीबागेत एक चक्कर झाली की विश्रामबागवाड्यापाशी ती माझं बोट सोडायची. "आता तू ने मला घरी." आणि पिशवी घेऊन चार पावलं मागे. मी सात वर्षांची!

आणि आपण काय करतो? गाडीत बसल्या बसल्या पोराच्या हातात मोबाइल देतो, कटकट नको म्हणून. आपण स्वतः मोबाइलच्या नकाशातल्या त्या बाईच्या आवाजावर डावीकडे-उजवीकडे वळतो. नकाशाच आपल्याबरोबर गरागरा फिरतो, उत्तर दिशा कुठे राहिली कुणाला पत्ता नाही. संताप येतो मला.

माझा भाचा मुलुंडचा, लोकलने फिरणारा. भांडुप, कांजूर, विक्रोळी, घाटकोपर घडाघडा म्हणतो, दादरला कुठल्या बाजूला उतरायचं तेही सांगतो. निदान एक माळ तरी आहे त्याच्याजवळ. मी पुढे सायकलवर शाळेत जायला लागले तेव्हा चढ कुठे लागतो, उतार कुठे सुरू होतो हे पायांना पाठ होतं. डोळे मिटून सांगितलं असतं. आता सायकल म्हणजे सोसायटीत गोल गोल.

हो, रहदारी वाढलीय, फुटपाथवर दुचाक्या चढतात, मान्य आहे. त्याला व्हॅनमध्ये मीच बसवलं, माझी नोकरी आहे, तेही मान्य.

पण आजी. एकदा मी कुमठेकर रस्त्यावर आमची गल्ली सोडून सरळ चालत सुटले. दुकानं बघत, पार अलका टॉकीजपर्यंत. ती मागे येत राहिली, हातात दोन किलो बटाटे, वर मेथीची जुडी, एक शब्द नाही. चौकात मी थांबले, रडायच्या बेतात. तेव्हा जवळ येऊन म्हणाली, "वास येतोय का कसला?" नदीचा येत होता. "मग? नदी आली म्हणजे घर मागे राहिलं." एवढंच. पुन्हा मागे चार पावलं. मी वळले आणि नेलं तिला घरी. त्या दिवशी तिचे हात किती भरून आले असतील, हे मला आज कळतंय.

संध्याकाळी लेकाला गच्चीत नेलं. पर्वती दाखवली. म्हटलं, दुपारी तू हिच्या त्या अंगाला होतास. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी घराजवळच होतो?" घशात आवंढाच आला. किती घाबरला असेल तो, आणि मी फोनवर ओरडले होते.

रविवारी तुळशीबागेत जाणार आहोत. जाताना पीएमपीच्या बसने, येताना चालत. तो पुढे, मी मागे. तो चुकला तरी आजीसारखं गप्प राहायचं ठरवलंय. जमेल की नाही, खरंच माहीत नाही.