कल्हई म्हणजे केमिकल? मग कासं कशाचं?

मावशीकडे आमसुलाचं सार असलं की मी वाटी दोनदा पुढे करते. परवा पहिल्याच घोटाला तोंड वाकडं झालं. जुनं नाणं चोखल्यासारखी चव. "मावशी, हे कळकलंय," म्हटलं, तर म्हणाली, "कळकलं कसलं, पितळेचा गुण उतरलाय त्यात." ओट्यावर नवं कोरं पितळी पातेलं होतं, आतूनसुद्धा पिवळंधमक, म्हणजे कल्हईचा, कथलाचा (टिनचा) चंदेरी थर नसलेलं. कुठल्याशा प्रदर्शनातून आणलेलं, आणि वर चिठ्ठी: 'कल्हईविरहित, शंभर टक्के केमिकलमुक्त'. शेजारी स्टीलच्या भांड्यात दूध होतं, तिच्या दहा महिन्यांच्या नातीचं. दुसऱ्या दिवसापासून तेही याच पातेल्यात तापायचं होतं.

पितळी तपेलीत ताक ओतलं म्हणून मला लहानपणी याच मावशीने धपाटा घातला होता. तेव्हा तिला जे न शिकवता ठाऊक होतं, ते एका फॉरवर्डने पुसून टाकलं. म्हणून हे लिहायला बसले.

तो मेसेज तुमच्याही फोनमध्ये येऊन गेला असेल. 'पूर्वजांचं स्वयंपाकघर-विज्ञान' असं काहीसं नाव, खाली हात जोडलेले. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कास्यात शिजवलं तर फक्त 3 टक्के पोषकद्रव्यं जातात, पितळेत 7 टक्के, आणि प्रेशर कुकरमध्ये तब्बल 87. अॅल्युमिनियमची भांडी इंग्रजांनी आपल्या कैद्यांना हळूहळू मारायला आणली. रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणी अमृत. कल्हई हे नंतर घुसवलेलं केमिकल असून तिच्यामुळे धातूचे गुण अन्नात उतरत नाहीत. आणि बाळाला पितळेत तापवलेलं दूध द्या, बुद्धी तल्लख होते.

टक्केवारीचं आधी उरकते. कोणतं अन्न, कोणतं जीवनसत्त्व, किती वेळ शिजवलं, पाणी ओतून दिलं की ठेवलं, यातलं काहीच न सांगता भांड्याला टक्के कसे देणार? 'क' जीवनसत्त्व जातं ते उष्णतेने, हवेने आणि आपण ओतून टाकलेल्या पाण्यातून. त्यातली खरी गंमत अशी की तांब्याचा अंश अन्नात उतरला तर 'क' जीवनसत्त्व उलट लवकर नष्ट होतं, कारण तांबं त्या क्रियेला वेग देतं. म्हणजे ज्या कास्या-पितळेला पहिल्या नंबरात बसवलंय, त्यातलं तांबंच इथे चोर. कुकरमध्ये तर अन्न कमी वेळ शिजतं, एवढं साधं गणितही कोणी केलेलं नाही.

इंग्रज आणि कैदी. अॅल्युमिनियम स्वस्तात काढायची पद्धत 1886 साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी वेगवेगळी शोधली. त्याआधी हा धातू इतका महाग होता की 1884 साली वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर मिरवायला बसवला. आपल्याकडे त्याची भांडी करायचा उद्योग मद्रासच्या कलाशाळेत अल्फ्रेड चॅटर्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभा केला, तो बाजारात विकण्यासाठी. मारायचंच होतं तर दुकान कशाला मांडलं असतं? अर्धं खरं मात्र कबूल करते: आंबट पदार्थ अॅल्युमिनियममध्येही रात्रभर ठेवू नयेत, चिंचेचा कोळ तर अजिबात नको. पण मग आंबटाचा हा नियम पितळेलाही लावा ना!

तांब्यातल्या पाण्यात तथ्य आहे, हे नाइलाजाने म्हणावं लागतंय. बंगळुरूच्या संशोधकांनी 2012 साली छापलेल्या अभ्यासात जुलाबाचे जंतू मुद्दाम मिसळलेलं पाणी 16 तास तांब्याच्या भांड्यात ठेवलं. जंतू मेले, आणि पाण्यात उतरलेलं तांबं जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेपेक्षा पुष्कळ कमी निघालं. पण ते पाणी होतं, नुसतं पाणी. त्यात लिंबू पिळून 'डिटॉक्स' म्हणून पिणाऱ्यांनी या अभ्यासाचं नाव घेऊ नये.

आता कल्हई.

आमच्या वाड्यात कल्हईवाला यायचा तेव्हा आम्ही पोरं शाळा बुडवायचो. दारातच छोटा खड्डा, त्यात कोळसे, जमिनीत पुरलेली भात्याची नळी. सांडशीत धरलेलं पातेलं तापून लाल व्हायला आलं की चिमूटभर नवसागर. भस्सकन पांढरा धूर निघायचा आणि नाकात झोंबायचा. मग कथलाची कांडी आतून टेकवली की थेंब पळायला लागायचा, आणि कापसाच्या बोळ्याने दोन फेऱ्या मारल्या की पिवळं भांडं क्षणात चंदेरी. शेवटी पाण्यात बुडवलं की चर्र. एवढंच. कल्हई म्हणजे भांड्याच्या आत चढवलेला कथलाचा पातळ थर. नवसागर कशाला, तर तापलेल्या धातूवर चढलेला काळपट थर खाऊन कथील नीट पसरावं म्हणून.

आता 'केमिकल'वाल्यांना एक प्रश्न. कासं कशाचं असतं? तांबं आणि कथील. आपल्या कास्याच्या वाटीत साधारण पाचवा हिस्सा कथील असतं. म्हणजे वाटीच्या अंगात असलं की पूर्वजांचं विज्ञान, आणि पातेल्याच्या आतून लावलं की केमिकल! एकाच मेसेजमध्ये चार ओळींच्या अंतरावर हे दोन्ही लिहिलंय आणि पाठवणाऱ्यांपैकी कोणाचं लक्ष गेलं नाही.

'नंतर घुसवलेलं' हेही खोटं. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत आजही हातोडीने मठारलेली भांडी होतात. तिथे विचारा, शिजवायच्या पातेल्याला कल्हई नको असं कोणता तांबट म्हणतो ते. घंगाळ, बंब, पाण्याचा हंडा यांना नसली तरी चालतं, कारण त्यात पाणी. तूप-साखरेच्या कढईलाही काही जण करत नाहीत. आमटी, सार, कढी, ताक, दही यांच्यासाठी मात्र हवीच. आपल्या भाषेत 'कळकणं' हे क्रियापद उगाच आलेलं नाही. आंबटाने तांबं-पितळ झिजून अन्नात उतरतं, अन्न हिरवट-कडवट होतं, खाणाऱ्याला मळमळतं, उलट्या होतात. मेसेज ज्याला 'गुण उतरणं' म्हणतो, त्याला आपल्या आज्या कळकणं म्हणायच्या.

अन्न सुरक्षेच्या 2011 च्या केंद्रीय नियमावलीत तर सरळच लिहिलं होतं की नीट कल्हई न केलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यातलं अन्न खाण्यास अयोग्य समजावं. गंजलेल्या डब्याच्या बरोबरीने, त्याच यादीत.

एक शंका रास्त आहे, तीही नोंदवते. स्वस्तात कल्हई करून देणारे कथलात शिसं मिसळतात, आणि शिसं घातकच. त्यावर उपाय विश्वासाचा कल्हईवाला शोधणं हा, कल्हईच बंद करणं हा नव्हे. दूधवाला पाणी घालतो म्हणून आपण दूध सोडून खडू कालवून पीत नाही.

आणि आता बाळाचं दूध. इथे माझा आवाज चढला, मावशी दोन दिवस रुसली, तरी चालेल.

सत्तर-ऐंशीच्या दशकात आपल्याकडे यकृताचा एक आजार लहान मुलांना व्हायचा. पोट फुगायचं, कावीळ व्हायची, वर्ष-दोन वर्षांची पोरं दगावायची. डॉक्टर त्याला 'इंडियन चाइल्डहूड सिरॉसिस' म्हणत. अशा मुलांच्या यकृतात तांबं भयंकर प्रमाणात साठलेलं सापडायचं. ते कुठून येतं याचा छडा लावणाऱ्यांत आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे होते, ब्रिटनच्या डॉ. टॅनर यांच्याबरोबर. 1983 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी मांडलं की या मुलांना फार लहानपणी वरचं दूध सुरू झालं होतं आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलं, साठवलं जायचं. दूध आंबट नसतं म्हणून चालतं, हा समज इथे फसतो. दुधातलं केसीन हे प्रथिन तांब्याला ओढून धरतं, आणि बाळाचं सगळं अन्नच ते दूध असतं. आजार फक्त भांड्यामुळेच की त्याला जन्मजात प्रवृत्तीही लागते, यावर जाणकारांत वाद झाले, होऊ देत. स्टील आलं, डॉक्टरांनी आयांना पितळ टाळायला सांगितलं, आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. आज बालरोगाच्या तरुण डॉक्टरला तो पुस्तकातच भेटतो.

रास्ता पेठेतल्या त्याच केईएम रुग्णालयात बसून माणसांनी हे शोधलं, आणि चाळीस वर्षांनी त्याच शहरातल्या एका स्वयंपाकघरात 'बुद्धी तल्लख होते' म्हणून उलटं पाऊल पडणार होतं.

मावशीला हे सगळं सांगितलं तेव्हा ती आधी म्हणाली, "आम्ही नाही का वाढलो?" वाढलीस, कारण तुझ्या आईच्या पातेल्याला कल्हई होती आणि तू आईच्या दुधावर होतीस. यावर काही बोलली नाही. सार मोरीत ओतलं, तेवढं मी पाहिलं.

पितळेवर माझा राग नाही. जड बुडाचं पातेलं, मंद आंच, खाली न लागणारी खीर, हे सगळं मलाही आवडतं. कल्हई करून घ्या, रिकामं भांडं गॅसवर तापत ठेवू नका (कथील 232 अंशांनाच वितळतं), तारेच्या घासणीने खरवडू नका, आतून पिवळं दिसायला लागलं की पुन्हा करून घ्या. बाळाचं दूध मात्र स्टीलमध्येच.

पातेलं सध्या माझ्याकडे आहे. कल्हईवाला रविवारी येतो म्हणालाय, म्हणजे पुढच्या महिन्यात. तोवर त्यात कांदे ठेवलेत.