लॅपटॉपवरचं नाव जरूर बदला, पण त्या मेसेजमध्ये सांगितलंय तसं नको

‘जुना लॅपटॉप वापरताय? आजच नाव बदला, नाहीतर पस्तावाल’ असा एक लांबलचक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. खाली नेहमीचं ‘आपल्या माणसांना पाठवा’ आहेच. तो माझ्या आत्याच्या शिक्षकांच्या ग्रुपवर पोचला. आत्या कराडला संस्कृतच्या शिकवण्या घेते आणि प्रश्नपत्रिका स्वतःच टाइप करते. तिचा लॅपटॉप सेकंडहँड आहे, सुरू केला की आधीच्या मालकाचं नाव यायचं. ते खटकणं साहजिक आहे. तिने मेसेजमधल्या पायऱ्या इमानेइतबारे पाळल्या आणि मग मला फोन केला, “अरे, सगळं पुसलं गेलं. दहावीचे पेपर, नोट्स, काहीच दिसत नाहीये.”

पुसलं काहीच गेलं नव्हतं. पण रात्रभर ती त्याच समजुतीत होती, आणि म्हणून हे लिहितोय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: एक, जुनं नाव दिसतंय म्हणजे जुना मालक तुमच्या फाइली बघतोय. दोन, नाव बदलायचं तर सी ड्राइव्हमधल्या ‘यूजर्स’मध्ये जाऊन त्या नावाचं फोल्डरच रिनेम करा. तीन, जमलं नाही तर नवं खातं काढून जुनं डिलीट करा, फाइली आपोआप नव्या नावावर येतात. चार, नाव आधारप्रमाणेच ठेवा, नाहीतर नेटबँकिंग आणि इन्कम टॅक्सची साइट अडते. पाच, नाव मराठीत टाकलं की विंडोज बिघडतं. सहा, दर महिन्याला नाव बदललं की व्हायरस लागत नाही.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण आत्याची वाट त्यानेच लावली.

विंडोज तुम्हाला नावाने ओळखत नाही. खातं तयार होतं तेव्हाच त्याला एक लांबलचक क्रमांक मिळतो, त्याला एसआयडी म्हणतात. आपल्या घरगुती खात्यांचा तो ‘एस-१-५-२१’ने सुरू होतो आणि शेवटी १००१, १००२ असं काहीतरी असतं. फाइल कोणाची, कोणाला उघडायची परवानगी, हे सगळं या क्रमांकावर चालतं. दारावरची पाटी बदलली म्हणून सातबारा बदलत नाही, तसंच हे. ‘यूजर्स’मधलं फोल्डर पहिल्यांदा लॉगिन करताना एकदाच बनतं, आणि ते कुठे आहे याची नोंद विंडोज रजिस्ट्रीत, म्हणजे आपल्या अंतर्गत नोंदवहीत, ‘प्रोफाइललिस्ट’खाली, त्याच क्रमांकासमोर ठेवतं. तुम्ही फोल्डरचं नाव बदललंत, पण रजिस्ट्रीतला पत्ता जुनाच राहिला, तर पुढच्या लॉगिनला विंडोजला त्या पत्त्यावर काहीच सापडत नाही. मग ते एक तात्पुरतं, कोरं प्रोफाइल उघडून देतं. यात केलेलं काम लॉगआउट केलं की जातं.

आत्याला नेमकं हेच दिसलं. कोरा डेस्कटॉप, त्यावर रीसायकल बिन आणि ब्राउझर, बाकी काही नाही. कोपऱ्यात तात्पुरत्या प्रोफाइलची इंग्रजी सूचना येऊन गेली, तिकडे तिचं लक्ष गेलं नाही. आणि तिने काय केलं असेल? सकाळच्या तासाला पेपर हवा म्हणून तिने पहिला प्रश्नसंच नव्याने टाइप केला, डेस्कटॉपवर सेव्ह केला आणि लॅपटॉप बंद केला. तो प्रश्नसंच मात्र खरोखरच गेला. जुने पेपर नव्या नावाच्या फोल्डरात सुखरूप होते. फोल्डरला पहिलं नाव परत दिलं, रजिस्ट्रीत ‘डॉट बॅक’ (.bak) शेपूट लागलेली तिची नोंद सरळ केली आणि सगळं परत आलं.

आता नाइलाजाने एक मान्य करतो. फोल्डरचं नाव बदलताच येत नाही असं नाही. मायक्रोसॉफ्टचा याच विषयावर एक लेख आहे, त्याच्या मथळ्यातच म्हटलंय की खात्याचं नाव बदललं तरी प्रोफाइलचा पत्ता आपोआप बदलत नाही. त्यात उपायही दिलाय: दुसऱ्या ॲडमिन खात्यातून आत जायचं, फोल्डरचं नाव बदलायचं आणि रजिस्ट्रीतली ‘प्रोफाइलइमेजपाथ’ ही नोंदही बदलायची. सोबत रजिस्ट्रीत चूक झाली तर काय होऊ शकतं याचा इशाराही आहे. मेसेज लिहिणाऱ्याने पहिला अर्धा भाग उचलला, दुसरा सोडला आणि इशारा तर गाळलाच. दोन्ही भाग नीट केले तरी कटकट संपत नाही. कितीतरी प्रोग्रॅम जुना पत्ता स्वतःकडे लिहून ठेवतात. आउटलुक मेलची फाइल शोधत बसतं, वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फाइली ठेवायची सोय) आपलं फोल्डर हरवलं म्हणून तक्रार करतं. आपल्याकडे खास त्रास फॉन्टचा. देवनागरी फॉन्ट साध्या ‘इन्स्टॉल’ बटणाने टाकला असेल तर विंडोज १० आणि ११मध्ये तो बहुतेक वेळा तुमच्या खात्याच्याच फोल्डरात बसतो आणि त्याची नोंद पूर्ण पत्त्यासकट होते. पत्ता बदलला की फॉन्ट गायब, आणि टाइप केलेल्या पेपरचं रूपच पालटतं. एवढं सगळं कशासाठी? जे फोल्डर दिवसभरात कोणी उघडूनही बघत नाही, त्याच्या नावासाठी.

तिसरा मुद्दा याहून घातक आहे. आत्या तिथवर पोचली नाही, हे नशीब. फाइली आपोआप नव्या नावावर येतात हे धादांत खोटं आहे. सेटिंग्जमधून खातं काढायला गेलात तर बटणावरच ‘खातं आणि डेटा डिलीट करा’ अशा अर्थाचे शब्द असतात, आणि ते तसंच करतं. कंट्रोल पॅनेलमधून काढलं तर ‘फाइली ठेवा’ हा पर्याय मिळतो. त्याने डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो वगैरे एका फोल्डरात उरतात, पण ईमेल आणि सेटिंग्ज जातात. घरातल्या वडीलधाऱ्यांपर्यंत हा मेसेज गेला असेल तर निदान या मुद्द्यापुरता तरी त्यांना आज फोन करा.

पहिल्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, आणि तेच जास्त त्रासदायक. नुसतं नाव जुनं आहे म्हणून कोणी काही बघत नाही. पण लॅपटॉप आधीच्या मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यानेच चालू असेल आणि त्यात वनड्राइव्हचा बॅकअप सुरू असेल, तर तुमच्या डेस्कटॉपवरच्या फाइली खरंच त्याच्या वनड्राइव्हमध्ये जाऊ शकतात. ड्राइव्ह एन्क्रिप्ट झालेली, म्हणजे कुलूपबंद असेल, तर तिची रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडायचा लांब आकडा, बहुधा त्याच्याच खात्यात असते, आणि उद्या विंडोजने ती मागितली तर तुम्हाला त्याच्या पाया पडावं लागेल. पण हे नाव बदलून सुटतं का? अजिबात नाही. जुना लॅपटॉप घेतला की पहिल्याच दिवशी, त्यात स्वतःचं काही ठेवण्याआधी, विंडोज ११च्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग रिकव्हरी, मग ‘रीसेट धिस पीसी’ आणि ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’. ज्याला खरंच भीती आहे त्याच्यासाठी उपाय हा आहे, आणि मेसेजमध्ये तो नाही.

आधारचा मुद्दा कुठून आला असेल याचा अंदाज येतो. पॅन आणि आधार जोडायला दोन्हीवरचे तपशील जुळावे लागतात, तेवढं खरं. इन्कम टॅक्सच्या साइटवर लॉगिन पॅनने होतं, आणि डिजिटल सिग्नेचर वापरत असाल तर ओळख पटते ती त्या सर्टिफिकेटवरून, लॅपटॉपवरच्या नावावरून नाही. लॅपटॉपवर तुमचं नाव ‘आई’ असलं तरी तुमचं रिटर्न भरलं जातं.

मराठी नावाबद्दल: स्क्रीनवर दिसणारं नाव देवनागरीत खुशाल ठेवा, विंडोजला काही होत नाही. फक्त नवं खातं काढतानाच देवनागरी नाव दिलंत तर फोल्डरही देवनागरीत बनतं, आणि काही जुने प्रोग्रॅम तो पत्ता वाचताना अडखळतात. म्हणून खातं साध्या इंग्रजी अक्षरांत काढा आणि नंतर दिसणारं नाव मराठी करा. फोल्डर बदलत नाही, याचा इथे फायदाच आहे.

व्हायरसच्या मुद्द्यावर वेळ घालवत नाही. व्हायरस चालतो तो चालू असलेल्या खात्याच्या अधिकारांवर. नाव बदलून ते अधिकार बदलत नाहीत.

मग नाव बदलायचं कसं? लोकल खातं (फक्त त्या लॅपटॉपपुरतं, मायक्रोसॉफ्टच्या ईमेलशी न जोडलेलं) असेल तर कंट्रोल पॅनेल, ‘यूजर अकाउंट्स’, ‘चेंज युअर अकाउंट नेम’. नवं नाव टाका, बटण दाबा. पासवर्ड तोच राहतो, फाइली जागच्या जागी राहतात. आत्याचं काम एवढंच होतं. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर ब्राउझरमध्ये आपल्या खात्याच्या पानावर ‘युअर इन्फो’मध्ये नाव बदला आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. त्या खात्यावरून जाणाऱ्या मेलवरही मग नवं नाव दिसेल, हे लक्षात ठेवा. वर्डच्या फाइलीत लेखक म्हणून जुन्या मालकाचं नाव येत असेल तर ते वर्डच्या ऑप्शन्समध्ये ‘जनरल’खाली वेगळं बदलावं लागतं. फोल्डरचं नाव फारच डोळ्यात खुपत असेल तर हव्या नावाचं नवं खातं काढा, त्यात फाइली कॉपी करा, रोजचं सगळं काम त्यावर नीट चालतंय याची काही आठवडे खात्री करा, आणि मगच जुन्याला हात लावा.

ज्यांनी मेसेज वाचून फोल्डर आधीच रिनेम केलंय आणि आता कोरा डेस्कटॉप दिसतोय, त्यांनी तिथे काहीही सेव्ह करू नये. चुकून केलंच असेल तर लॉगआउट करण्याआधी ते पेनड्राइव्हवर घ्या. ‘यूजर्स’मध्ये बघा, तुमच्या फाइली नव्या नावाच्या फोल्डरात असतील. आधी त्यांची बाहेर एक प्रत काढा. मग दुसऱ्या ॲडमिन खात्यातून फोल्डरला जुनं नाव परत द्या. तरीही कोरा डेस्कटॉपच आला तर रजिस्ट्रीशी खेळू नका, जाणकार माणसाला बोलवा आणि ‘प्रोफाइललिस्टमधली नोंद बघा’ एवढं त्याला सांगा.