चोवीस गिअर आणि दोन गुडघे

ऑफिसला सायकलने जायचं ठरवायला फार काही लागत नाही. रविवारची संध्याकाळ, पोटाला घट्ट झालेली पँट आणि एक सुस्कारा, एवढं पुरतं. खरी परीक्षा पुढे असते. ‘कोणती सायकल?’

मी शेवटची सायकल चालवली तेव्हा हा प्रश्नच नव्हता. सायकल म्हणजे सायकल. दांडीची किंवा बिनदांडीची. मध्ये बरीच वर्षं गेली आणि तेवढ्या वर्षांत सायकलचं वजन कमी होत गेलं, माझं वाढत गेलं. आता आमची पुन्हा गाठ पडणार होती आणि दोघांपैकी कोणाला कोण ओळखणार, हा प्रश्नच होता.

आमच्या ऑफिसात एक सायकलतज्ज्ञ आहे. प्रत्येक ऑफिसात असतो. त्याला विचारलं, तर त्याने मलाच उलट विचारलं, “तू कुठल्या टाइपचा रायडर आहेस?”

“सध्या कुठल्याच नाही.”

“मग हायब्रिड घे.”

त्याने समजावून सांगितलं ते असं. रोड बाइकला वाकडं हँडल, पातळ टायर आणि वर बसणाऱ्याच्या पाठीची कमान. माउंटन बाइकला जाड टायर, सरळ हँडल आणि दगडधोंड्यांतून खाली यायची हौस. या दोघींच्या मधली ती हायब्रिड. चाकं रोडसारखी मोठी, हँडल माउंटनसारखं सरळ, आणि आपण बसायचं ताठ, समोरचं दिसेल असं. मला ‘दोन घरचा पाहुणा उपाशी’ आठवलं आणि मी ते बोलूनही दाखवलं. त्याला ते लागलं. “रोज कामावर जाणाऱ्याला हीच बरी,” तो म्हणाला आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला.

प्रश्न मिटला असं वाटून मी दुकानात गेलो. तिथे कळलं, की हायब्रिड ही एक सायकल नव्हेच. एका टोकाला रोडकडे झुकलेल्या, ताठ फोर्कच्या (फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा) आणि सडपातळ टायरच्या हायब्रिड. दुसऱ्या टोकाला माउंटनकडे झुकलेल्या, पुढे धक्के झेलणारं सस्पेन्शन आणि खाली गुबगुबीत टायर. म्हणजे रोड की माउंटन या प्रश्नातून सुटण्यासाठी हायब्रिड घ्यायची, आणि हायब्रिड घेताना ती रोडसारखी हवी की माउंटनसारखी, हे सांगायचं.

बरं, १८८५ साली जॉन केम्प स्टार्लीने ‘रोव्हर’ सायकल काढली. जवळपास सारखी दोन चाकं, मधे पायडल, चेन मागच्या चाकाला. तीन वर्षांत डनलॉपने हवेचा टायरही आणला. सायकलचं सायकलपण तिथे बहुतेक पूर्ण झालं होतं. त्यानंतर माणसाने मुख्यतः आकडे वाढवले, असं माझं मत झालं आहे.

उदाहरणार्थ, टायरच्या कडेला ‘७०० × ३८ सी’ असं लिहिलेलं असतं. यातले ३८ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७०० म्हणजे टायरसकट चाकाचा व्यास, पण नावापुरता. टायर सडपातळ घातला की व्यास कमी होतो, आकडा मात्र ७००च राहतो. रिमवर टायर जिथे बसतो तिथला खरा व्यास ६२२ मिलिमीटर. त्यातही गंमत अशी, की माउंटन बाइकवाले याच ६२२च्या चाकाला ‘२९ इंची’ म्हणतात आणि काही ठिकाणी याच मापाचे टायर ‘२८ इंची’ म्हणूनही विकले जातात. म्हणजे २८, २९ आणि ७०० हे तिन्ही आकडे समान. शाळेत मी असं काही लिहिलं होतं तेव्हा बाईंनी पालकांना बोलावून घेतलं होतं.

त्या मानाने रुंदीचा आकडा प्रामाणिक, आणि खरं लक्ष द्यावं तर त्याच्याकडेच. रस्ता गुळगुळीत असेल तर ३२ पुरे. खड्डे, गतिरोधक, खडी असं सगळं साग्रसंगीत असेल तर ३८ ते ४२. माझा रस्ता मला माहीत होता. ३२चा विषय मी काढलाही नाही.

मग गिअर. दुकानातला मुलगा म्हणाला, “काका, चोवीस गिअर आहेत.” काका हा शब्द मी ऐकून घेतला. पुढे तीन चक्रं, मागे आठ, तीन आठे चोवीस. डाव्या हाताने पुढची बदलायची, उजव्या हाताने मागची. आकडा ऐकून मी सुखावलो होतो. घरी आल्यावर मात्र कागद घेऊन दात्यांचा हिशेब मांडला. पुढच्या चक्रांना २८, ३८ आणि ४८ दाते. मागे ११, १३, १५ असं चढत ३२पर्यंत. पुढे २८ आणि मागे ११ ठेवले तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक २.५५ वेळा फिरतं. पुढे ३८ आणि मागे १५ ठेवले तर २.५३ वेळा. म्हणजे दोन्ही हातांनी खटपट करून, चेन इकडून तिकडे उडवून, मी एका गिअरमधून निघून त्याच गिअरमध्ये पोहोचणार. अशा जोड्या बऱ्याच निघतात. शिवाय पुढचं सगळ्यात मोठं आणि मागचंही सगळ्यात मोठं, किंवा दोन्हीकडची सगळ्यात लहान, असं लावायचं नसतं. चेन तिरकी होते, घासते, लवकर झिजते. सगळी वजाबाकी केल्यावर चोवीसातले निम्मे-शिम्मे गिअरच हाताला लागतात. बाकीचे हजेरीपटावर.

खरं पाहायचं ते दोन टोकांचं. ४८ आणि ११वर एका फेऱ्यात सायकल साधारण साडेनऊ मीटर जाते. हा गिअर उताराला, वाऱ्याची साथ असताना, पंचविशीतल्या माणसासाठी. २८ आणि ३२वर ती एका फेऱ्यात दोन मीटरसुद्धा जात नाही. हा गिअर माझा. चढावर तो लावला की पाय गरागरा फिरतात, शेजारून चालणारा माणूस पुढे निघून जातो, पण गुडघे कुरकुरत नाहीत. मला कोणी विचारलं तर मी सांगेन, गिअर किती ते विचारू नका. सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे ते विचारा. पुढे एकच चक्र आणि मागे भलंमोठं दातेरी ताट असलेल्या सायकलीही आता मिळतात. डाव्या हाताला सुट्टी. डोकं शांत ठेवायचं असेल तर त्या उत्तम.

“पण काका, सस्पेन्शन घ्या. हात दुखणार नाहीत.” मुलाने पुढचा फोर्क दाबून दाखवला. फोर्क खाली गेला, वर आला. मीही दाबला. फार समाधान वाटलं. दुकानात सस्पेन्शन दाबून पाहण्याइतकं सुख सायकल चालवतानाही मिळत नाही, आणि बहुधा म्हणूनच ते विकलं जातं. स्वस्तातला सस्पेन्शन फोर्क साध्या फोर्कपेक्षा किलोभर तरी जड असतो, आणि चढावर उभं राहून पायडल मारायला लागलं की आपला थोडाफार जोर तो खालीवर होण्यात खातो. म्हणून त्याला कुलूप लावायची सोय असते. ते फिरवलं की फोर्क हलायचा थांबतो. म्हणजे आधी हलणारा फोर्क घ्यायचा आणि मग तो हलू नये म्हणून खटका घ्यायचा. त्यापेक्षा रुंद टायर घेऊन त्यात हवा बेताची ठेवली, की शहरातले धक्के बऱ्यापैकी विरतात. टायरच्या कडेला हवेची कमाल मर्यादा छापलेली असते. ती मर्यादा आहे, आज्ञा नव्हे, हे मला तज्ज्ञाने सांगितलं. तोवर तो पुन्हा बोलायला लागला होता.

ब्रेकबद्दल फार बोलत नाही. डिस्क घेतले, म्हणजे चाकाच्या मध्यावरच्या तबकडीला धरणारे. पावसात रिम ओली झाली की रिमवर धरणारे ब्रेक आधी पाणी पुसतात आणि मग थांबवतात. तेवढा धीर माझ्यात नाही.

माप ठरवण्यात मात्र खरा वेळ गेला. मुलाने मला पाय किंचित फाकवून सायकलच्या दांडीवर उभं केलं. दांडी आणि मी यांच्यात चार बोटं अंतर राहिलं. “बसलं माप,” तो म्हणाला. मग त्याने सीट वर केली. मग आणखी वर केली. मी घाबरून विचारलं, “एवढी?” त्याने पद्धत सांगितली. सीटवर बसायचं, पायडल अगदी खाली न्यायचं, त्यावर टाच ठेवायची. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून चालवलं की गुडघ्याला हवा तेवढाच बाक राहतो. पद्धत बरोबर आहे. फक्त या उंचीवर बसलं की खाली जमिनीला पायाची बोटंच कशीबशी लागतात. आमच्या वेळी दोन्ही पाय सपाट टेकले पाहिजेत, हीच सीटची उंची होती, आणि गुडघे हँडलला लागायचे ते वेगळं.

दुकानाबाहेर चक्कर मारायला निघालो. तोल आपोआप सांभाळला गेला. सायकल विसरत नाही म्हणतात ते खरं, पण ते शरीराच्या ज्या भागाला उद्देशून म्हटलंय तो भाग डोक्यात असतो. मांड्यांनी तसं काही वचन दिलेलं नव्हतं. कोपऱ्यावर गाडी आडवी आली म्हणून थांबलो. सवयीने बसल्या बसल्या पाय खाली सोडला. पाय जमीन शोधत राहिला आणि मी सावकाश, अगदी सभ्यपणे डावीकडे कलायला लागलो. एका खांबाने साथ दिली. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं असतं, हे नवीन. पुन्हा निघायला गेलो तर पायडल हलेना, कारण मी अवजड गिअरवर थांबलो होतो. हलका करावा म्हणून खटका दाबला, कटकट झाली, झालं काहीच नाही. पायडल फिरल्याशिवाय चेन सरकत नाही आणि चेन सरकल्याशिवाय माझ्याने पायडल फिरत नाही. मागच्या हबमध्येच, म्हणजे चाकाच्या मधोमधच्या डब्यातच, गिअर असलेल्या सायकली उभ्या उभ्या गिअर बदलतात, पण त्या त्या दुकानात नव्हत्या. मी हातात धरून परत आणली.

“कशी वाटली?” मुलाने विचारलं.

“छान आहे,” मी म्हणालो. सायकलबद्दल ते खरंच होतं.

मग सीटचा विषय निघाला. मला सोफ्यासारखी गुबगुबीत हवी होती. मुलगा नको म्हणाला. बसताना भार दोन हाडांवर यायला हवा. गादी फार मऊ असली की हाडं तिच्यात रुततात आणि भलतीकडे दाब येतो. म्हणून मऊपणा नाही, रुंदी पाहायची. ती मोजायला त्याने एका स्टुलावर फोमचा तुकडा ठेवला आणि मला बसायला सांगितलं. मी बसलो, उठलो. फोमवर दोन खळगे पडले होते. त्याने पट्टी लावून त्यांतलं अंतर मोजलं आणि आकडा मोठ्याने आत सांगितला. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हे त्यांचे संस्कार.

सगळं ठरलं. सायकल समोर उभी होती. उभी म्हणजे भिंतीला टेकून, कारण तिला स्टँड नव्हता. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की तिला मडगार्डही नाही. कॅरिअर नाही, घंटी नाही, दिवा नाही.

“हे सगळं कुठे आहे?”

“ते ॲक्सेसरीज, काका. वेगळं घ्यायचं.”

जी सायकल कामावर जाण्यासाठी म्हणून विकतात, तिला कामावर जायला लागणाऱ्या सगळ्या गोष्टी सोडून बाकी सगळं असतं. मडगार्ड नसेल तर ओल्या रस्त्यावर मागचं चाक पाठीवर मधोमध एक पट्टा काढतं. त्या अवस्थेत मीटिंगला जाऊन बसता येत नाही. कॅरिअर नसेल तर लॅपटॉप पाठीवर, आणि पाठ घामाने थबथबलेली. या दोन गोष्टी मला गिअर, डिस्क आणि फोर्क यांच्या वरच्या वाटतात. मी खाली बसून फ्रेमला भोकं शोधायला लागलो. मागच्या चाकाच्या आसापाशी आणि सीटखालच्या नळ्यांवर आटे असलेली छोटी भोकं असली, तर कॅरिअर नीट बसतो. नसली तर पुढे आयुष्यभर पट्ट्या आणि जुगाड. भोकं होती. चारही. मला फार आनंद झाला.

“मडगार्डने लुक जातो, काका,” मुलगा कळवळून म्हणाला.

“कुणाचा?” मी विचारलं. त्याने मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मुकाट्याने मडगार्ड आणायला गेला.

घरी सायकल आली. बायकोने तिच्याभोवती एक फेरी मारली. “छान आहे. पण अरे, कुलूप?”

कुलपातही जाती असतात. तारेचं कुलूप हलकं, पण बऱ्यापैकी कातरीने तुटतं. भरवशाचं ते पोलादी यू आकाराचं, आणि ते चांगलं दीड किलोचं निघालं. फोर्कमध्ये वाचवलेला किलो तिथेच परत आला, वर अर्धा किलो व्याज.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या पार्किंगमध्ये तज्ज्ञाने मडगार्ड पाहिले, कॅरिअर पाहिला, स्टँड पाहिला आणि मग एका हाताने सायकल उचलून पाहण्याचा प्रयत्न केला.

“किती किलोची आहे रे?”

“कुलूप धरून की सोडून?”

“धरून.”

“डबा पण आहे,” मी म्हणालो.