सहावा अध्याय वाचा की जरा

आज उपासनेला पाहुणे वक्ते होते. विषय 'आद्य मंडळीचा विश्वास', म्हणजे येशूनंतरच्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीचा. प्रोजेक्टर, स्लाइड, सगळं साग्रसंगीत. पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी तीन हजारांचा बाप्तिस्मा, मग पाच हजार पुरुष, मग प्रेषित पौलाच्या सुवार्ताफेऱ्यांचा नकाशा लाल-निळ्या बाणांसकट. हालेलुया झालं. लगेच तिथेच सभासदांची सभा. कंपाउंड वॉल, साउंड सिस्टीम, रंगकाम. शेवटी मागच्या बाकावरून एक मावशी उठल्या. पुढच्या बाकाची पाठ एका हाताने धरलेली, दुसऱ्या हातात सराफाच्या दुकानाची जुनी पिशवी, तिच्यात पासबुक. म्हणाल्या, "विधवा निधीचे पैसे नाताळापासून जमा झाले नाहीत, तेवढं बघता का?"

उत्तर काय, तर "मावशी, हा विषय आज अजेंड्यावर नाही. बसा."

"बरं, बरं" म्हणत त्या बसल्यासुद्धा. माझं डोकं तेव्हापासून फिरलंय.

अहो, उठता-बसता आद्य मंडळीचं नाव घेता ना? मग बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' पुस्तकाचा सहावा अध्याय कुठे गेला? वक्ते दुसऱ्यावरून चौथ्यावर आले आणि तिथून थेट पौलाच्या जहाजात जाऊन बसले. सहाव्यात हीच मावशी आहे! यरुशलेमात रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांच्या विधवा राहून जायच्या. कुरकुर सुरू झाली. बारा प्रेषितांनी अख्खी मंडळी बोलावली, ती या एकाच विषयासाठी. सात जण निवडले: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकनोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावं ग्रीक. नावांवरून तरी असंच दिसतं की तक्रार ज्यांची, वाटप त्यांच्याच माणसांच्या हाती दिलं. आमच्याकडे आधी विचारतील, ही बाई कुणाच्या गटातली?

आणि मिशनरी मिशनरी म्हणून ज्यांची गाणी गातो, त्यांची पहिली फळी याच पंगतीतून उठली. स्तेफन दगडांखाली गेला. फिलिप्प शोमरोनात (समारियात) पोचला, गज्जाच्या वाटेवर कूशी, म्हणजे इथिओपियाच्या अधिकाऱ्याच्या रथात बसून त्याला यशया संदेष्ट्याचा ग्रंथ समजावून सांगितला. स्तेफनानंतर जे पांगले त्यांतल्या कुप्र (सायप्रस) आणि उत्तर आफ्रिकेतल्या कुरेनेच्या काही माणसांनी सीरियातल्या अंत्युखियात ग्रीकांना सुवार्ता सांगितली. त्यांची नावंसुद्धा कुणी लिहून ठेवली नाहीत. पुढे रोमी सम्राट क्लौद्याच्या काळात दुष्काळ पडला, तेव्हा याच नव्या मंडळीने यरुशलेमला मदत पाठवली. कालचे बाप्तिस्मावाले आणि वडीलजनांना पोसत होते!

हो, ट्रस्टचे नियम असतात, ऑडिट असतं, जमिनीच्या केसेसना पैसा लागतो, कळतं मला. आद्य मंडळीही काही धुतल्या तांदळाची नव्हती. पैसे दडवून खोटं बोललेले हनन्या-सप्पीरा तिथलेच, आणि सोबत मार्काला न्यायचं की नाही यावरून पौल-बर्णबाचं इतकं वाजलं की वाटा वेगळ्या झाल्या.

पण हिशेब? पौल करिंथात तंबू शिवून पोट भरायचा. गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा ती न्यायला तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेली माणसं दिली. एवढ्या मोठ्या रकमेवरून कुणी बोट दाखवू नये म्हणून, हे त्याने स्वतःच लिहिलंय. करिंथकरांस दुसरं पत्र, आठवा अध्याय. आमच्या मावशीने बोट नाही हो दाखवलं, नुसतं पासबुक दाखवलं.

रोमची मंडळी घ्या. 250 साली सम्राट डेसियसच्या छळात बिशप फाबियानचा जीव गेला. पुढच्याच वर्षी नवा बिशप कर्नेलियस एका पत्रात लिहितो की, ही मंडळी दीड हजारांहून जास्त विधवा आणि गरजूंना सांभाळते. डोक्यावर तलवार लटकत होती तरी! त्याआधी कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन छातीठोक सांगून गेला की, आमच्या पेटीतला पैसा मेजवान्यांवर उडत नाही, गरिबांच्या पोटाला आणि पुरण्याला जातो. आमच्या मागच्या संमेलनाचं केटरिंगचं बिल आठवतंय ना? असो.

लांब कशाला, पंडिता रमाबाईंचं पुण्याजवळचं केडगाव इथेच आहे. रमाबाई स्वतः विधवा. 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायका घेऊन आल्या. कोणत्या अजेंड्यावर होता तो विषय?

सभा सुटल्यावर मावशींना रिक्षापर्यंत सोडायला गेले. मी तणतणत होते, तर त्याच मला म्हणतात, "पाळकसाहेबांना काही बोलू नकोस हं, त्यांच्या घरी लग्न आहे." आणि वर, "प्रवचन छान झालं गं, पौलाचा नकाशा आवडला मला." काय बोलणार? घशात आवंढा आला. त्या माउलीला खरंच नकाशा आवडला होता.

पाळकांना नाहीच बोलत. कमिटीला बोलतेय, आणि तिथे गप्प बसलेल्या आपल्या सगळ्यांना. हॉल भरलेला होता. एकानेही "विषय घ्या" म्हटलं नाही. महिला मंडळाच्या आम्ही पहिल्या दोन रांगांत होतो.

कमिटीची निवडणूक आलीच आहे. मत मागायला घरी जरूर या, चहा पाजीन. येताना विधवा निधीचं बँक स्टेटमेंट घेऊन या, नाताळापासूनचं. आणि इथे खाली 'आमेन' लिहिणाऱ्यांनी आधी आपापल्या मंडळीत विचारून या, हा निधी कुणाच्या सहीने निघतो आणि शेवटचा कधी निघाला.