मिक्सरचा पिन टॉप आणि मंडळातल्या काकांचा राग

काका, नमस्कार.

‘तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे म्हणून अगं-तुगं करतो’ असं तुम्ही सुरुवातीलाच लिहिलंत, तेव्हा मीही काकाच म्हणते. ‘भारतातून आणलेल्या मिक्सरचा प्लग इंग्लंडमध्ये कसा बदलावा’ हा माझा लेख पुतण्यानं तुम्हाला न्यू जर्सीहून पाठवला आणि वीज मंडळात ३१ वर्षं काढलेल्या तुम्हाला तो वाचून राग आला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं. हे काम वायरमनचं, ‘जेनु काम तेनु थाय’, लेख वाचून कोणी शॉक खाल्ला तर पाप कोणाला? ‘काळी वायर म्हणजे न्यूट्रल’ हे मी इतकं ठासून लिहिलंय की पुतण्या अमेरिकेत तेच धरून चालला होता. वायरच्या टोकांना डाग द्यायला (सोल्डरिंग करायला) सांगणं साफ चूक. आणि दुकानात अडॅप्टर मिळत असताना हा उपद्व्याप कशाला? जाता जाता प्लगमधल्या (तुमच्या भाषेत पिन टॉपमधल्या) फ्यूजचीही चेष्टा केलीत.

उत्तराला आठवडा लागला, कारण यातल्या दोन गोष्टी तुमच्या बरोबर आहेत आणि आधी लेख दुरुस्त करायचा होता. तो काल केला.

पहिली गोष्ट डागाची. माझे बाबा इचलकरंजीत मोटारी बांधायचे. दुकानात त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून मी डाग द्यायला शिकले, त्यामुळे उघडी तांब्याची तार दिसली की हात आपोआप सोल्डरिंग गनकडे जातो. मोटारीच्या वाइंडिंगमध्ये ते बरोबरच आहे, तिथे जोड डागावरच टिकतो. प्लगमध्ये मात्र जोड स्क्रूच्या दाबावर टिकतो. डागाचा धातू मऊ. स्क्रूखाली तो हळूहळू चेपत, पसरत जातो. स्क्रू आपण पिळला तिथेच असतो, पण खाली पकड उरलेली नसते. सैल जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो. हे मला ठाऊक असायला हवं होतं. बाबांनी वाचलं असतं तर तुमच्याआधी तेच ओरडले असते. लेखातलं ते वाक्य काढलंय. आता तिथे एवढंच आहे: तारा नीट पिळून घ्या, भोक मोठं असेल तर टोक दुमडून दुहेरी करा, आणि तारेचा एकही केस बाहेर राहू देऊ नका.

दुसरी गोष्ट काळ्या वायरीची. मी लिहिलं ते भारतातल्या जुन्या रिवाजाप्रमाणे: लाल फेज (वीज आणणारी), काळी न्यूट्रल (परत नेणारी), हिरवी अर्थिंग (गळती जमिनीत सोडणारी). हल्लीच्या कित्येक उपकरणांना तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी अशी वायर येते, आणि इंग्लंडमध्येही तीच पद्धत आहे. तपकिरी फेज, निळी न्यूट्रल. अमेरिकेत मात्र काळी म्हणजेच फेज आणि पांढरी न्यूट्रल. आपल्या मिक्सरची काळी वायर तिथल्या डोक्यानं जोडली, किंवा तिथली काळी आपल्या डोक्यानं, की फेज-न्यूट्रलची अदलाबदल झालीच. मिक्सर तरीही फिरेल. फक्त त्याचं बटण आता न्यूट्रल तोडतं, म्हणजे बंद केलेल्या मिक्सरच्या आत फेज तशीच उभी. तुम्हाला हे सांगायला नको, पण पुतण्या वाचत असेल म्हणून लिहिते.

पण काका, पुतण्याची खरी अडचण रंगाची नाहीच. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० आणि ५०. प्लग बदलून व्होल्टेज बदलत नाही. आपला ७५० वॅटचा मिक्सर तिथे नुसता प्लग बदलून लावला तर खोबरंसुद्धा वाटणार नाही. व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर घेतला तर मिक्सर चालेल, कारण त्यात कार्बन ब्रशवाली मोटर असते आणि तिला हर्ट्झचं सोयरसुतक नसतं. इडलीच्या वेट ग्राइंडरची मोटर बहुधा इंडक्शनची, तिचा वेग हर्ट्झवर ठरतो. ती ६० हर्ट्झवर जवळपास २० टक्के जास्त वेगानं फिरायला बघेल. हे सगळं गणित करण्यापेक्षा ११० व्होल्टचे देशी मिक्सर तिकडे मिळतात, तो घ्यावा. ‘हा लेख फक्त ब्रिटनसाठी आहे’ असं आता पहिल्याच ओळीत ठळक टाकलंय. हे आधीच करायला हवं होतं, हे मान्य.

एवढं कबूल करून आता अडॅप्टरकडे वळते, कारण इथे मी मागे हटणार नाही.

तुम्ही म्हणता ते अडॅप्टर, ज्यात कुठलीही पिन जाते. कुठलीही पिन जाते याचाच अर्थ कुठलीही पिन घट्ट बसत नाही. आपल्या प्लगच्या गोल पिना आत नुसत्या टेकतात. समजा त्या सैल टेकण्यातून अर्धा ओहम रोध तयार झाला. मिक्सर सव्वातीन अँपियर घेतो, तर त्या जागी साधारण पाच वॅट उष्णता. दोन मिनिटांच्या चटणीला काही होणार नाही. पण लोक पाणी तापवायचा रॉडसुद्धा बॅगेत घालून आणतात. १५०० वॅटचा रॉड साडेसहा अँपियर ओढतो. अर्ध्या ओहममध्ये २१ वॅट झाले. बाबांची लहान सोल्डरिंग गन २५ वॅटची होती आणि तिनं धातू वितळायचा. इथे तेवढी उष्णता अंगठ्याएवढ्या प्लॅस्टिकमध्ये, अर्धा-अर्धा तास. माझ्या इथल्या पहिल्या दिवाळीत चकलीची भाजणी मिक्सरवर दळताना अडॅप्टर बदामी झाला होता आणि घरभर जळका वास होता, तो रॉडविनाच. मोबाइलचा चार्जर अडॅप्टरवर खुशाल लावा. त्याला अर्थिंग लागत नाही आणि करंटही किरकोळ. मिक्सर, इस्त्री, ग्राइंडर यांना लावू नका.

तापण्यापेक्षाही मला अडॅप्टरची जास्त भीती वाटते ती अर्थिंगमुळे. असल्या स्वस्त अडॅप्टरांपैकी बऱ्याच अडॅप्टरांत आपल्या जाड, म्हणजे अर्थिंगच्या, पिनेसाठी भोक असतं, पण त्यामागे पितळेची पट्टीच नसते. पिन आत जाते, हवेत लटकते. आणि इथे गंमत अशी की अर्थिंग नसलं तरी मिक्सर तसाच फिरतो. आवाज तोच, चटणी तीच. फेज सुटली तर कळतं, न्यूट्रल सुटली तर कळतं, अर्थिंग सुटलं तर कोणालाही काही कळत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. इथे आल्यावर मी बसवलेला पहिलाच प्लग असा निघाला. तिन्ही वायरी मी सारख्या लांबीच्या कापल्या होत्या, दिसायला सुंदर. शिवाय वायर दाबून धरणारी पट्टी बाहेरच्या जाड आवरणावर न बसवता आतल्या रंगीत वायरींवर बसवली होती, कारण आवरण मी दोन बोटं जास्त सोललं होतं. आमचा ओटा लहान, मिक्सर रोज कपाटातून काढायचा, रोज ओढाताण. सात-आठ महिन्यांनी फ्यूज बदलायला झाकण उघडलं तर हिरवी वायर स्क्रूमधून निसटून कोपऱ्यात मोकळी पडलेली. तिच्याशिवाय किती चटण्या झाल्या, देव जाणे. तेव्हापासून हिरवी बाकी दोघींपेक्षा बोटभर लांब ठेवते, म्हणजे कोणी वायर हिसकलीच तर फेज आधी सुटेल, अर्थिंग सगळ्यात शेवटी. लेखात याला एक ओळ होती. तुमच्या प्रतिक्रियेनंतर तीन परिच्छेद केलेत.

‘घरात आरसीसीबी असतं की’ असंही तुम्ही लिहिलंत, म्हणजे करंट जमिनीकडे गळला की आपोआप पडून वीज तोडणारं बटण. असतं, इथे त्याला आरसीडी म्हणतात आणि बहुतेक घरांत ते ३० मिलिअँपियरचं असतं. पण अर्थिंग जोडलेलं असेल तर उपकरणाच्या धातूच्या अंगाला फेज लागता क्षणी ते पडतं. अर्थिंग नसेल तर ते कोणीतरी हात लावेपर्यंत वाट बघतं, कारण जमिनीकडे जायला करंटला तोच पहिला रस्ता मिळतो. मधली व्यक्ती बहुतेक वेळा वाचते. ‘बहुतेक’वर मला माझ्या सासूबाईंना उभं करायचं नाही.

आता फ्यूज. ‘आमच्या पिन टॉपमध्ये कधी फ्यूज नव्हता, कोण मेलं?’ ब्रिटिश प्लगमध्ये फ्यूज हौसेनं घातलेला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तांब्याची टंचाई होती, तेव्हा इथे घराभोवती एकच वायर कड्यासारखी फिरवून तिच्यावर सगळे सॉकेट टांगायची पद्धत आली. त्या कड्याला आधी ३० आणि आता ३२ अँपियरचं संरक्षण असतं. आजचा चौकोनी पिनांचा प्लग १९४७ साली त्यासोबतच आला. मिक्सरची वायर बहुधा पाऊण चौरस मिलिमीटरची, तिची झेप सहा अँपियरच्या आसपास. तिच्यात वीस अँपियर वाहायला लागले तर बत्तीसचा ब्रेकर ढिम्म हलत नाही, वायर मात्र पेटते. तिला वाचवणारा एकमेव पहारेकरी म्हणजे प्लगमधला फ्यूज. म्हणूनच नव्या प्लगसोबत जो १३ अँपियरचा फ्यूज येतो तो मिक्सरला तसाच ठेवू नये. ७५० भागिले २३० म्हणजे ३.२६, तेव्हा ३ चा कमी पडतो. ५ चा घाला. तो कोपऱ्यावरच्या दुकानात नेहमी नसतो, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. आपल्या गोल पिनांचा प्लगही जुन्या ब्रिटिश वाणाचाच आहे, पण त्यांनी तो घरातून काढला आणि आपण ठेवला. आपल्याकडे सॉकेटमागचं संरक्षणच लहान असतं, म्हणून आपलं निभावतं. तुमचा अनुभव खोटा नाही, फक्त तो दुसऱ्या वायरिंगवरचा आहे.

आणि ‘जेनु काम’. इथे १९९४ च्या नियमांनी उपकरण प्लग लावूनच विकायची सक्ती झाली. त्याआधी कित्येक उपकरणं नुसत्या वायरीसकट विकली जायची आणि प्लग लोक घरी बसवायचे. शाळेत मुलांना शिकवायचे. आपल्याकडे सायकलचं पंक्चर काढण्याइतकं ते घरगुती काम होतं. भिंतीतल्या वायरिंगला मी हात लावत नाही आणि लावायला सांगितलेलंही नाही. ऑस्ट्रेलियात असणाऱ्यांनी मात्र तिथला परवान्याचा कायदा आधी बघावा, तिकडे बरीच कडक शिस्त आहे. आणि झाकण उघडून तीन स्क्रू बघितल्यावर ज्याचा हात थबकतो, त्यानं खरंच थांबावं आणि प्लग इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावा. हे वाक्य लेखात नव्हतं, आता आहे.

रंगांवर भरवसा नको या तुमच्या मुद्द्यावरून एक युक्तीही घातलीय. जुना साच्यातला प्लग कापला की तो तुकडा लगेच फेकायचा नाही. मल्टिमीटर बझरवर ठेवून एक टोक जाड पिनेला, दुसरं कापलेल्या रंगीत टोकांना लावायचं. वाजेल ती अर्थिंग. मग वायरीच्या बाजूनं, जाड पिन वर धरून बघायचं. उजवी फेज, डावी न्यूट्रल. ब्रिटिश प्लग उघडून अर्थिंगची पिन वर धरली की आतही तेच: फेज उजवीकडे, फ्यूजच्या बाजूला. तपासून झालं की तुकड्याच्या पिना पक्कडीनं वाकवून मगच कचऱ्यात टाकायचा. भारतातून आणलेला एक्स्टेंशन बोर्ड बऱ्याच घरांत असतो, आणि पोरं त्यात काय खुपसतील सांगता येत नाही.

मूळचा प्लग कापला की गॅरंटी जाते हे खरं, पण भारतातली गॅरंटी इथे वापरायला मिक्सर घेऊन विमानानं जावं लागतं.

मे महिन्यात तुम्ही लेकीकडे लीड्सला येणार असं प्रतिक्रियेच्या शेवटी लिहिलंय. रॉड आणू नका, इथे नळाला गरम पाणी असतं. मिक्सर आणणार असाल तर त्याच्या बुडावरच्या लेबलवर किती वॅट लिहिलेत ते इथेच कळवा, म्हणजे लेकीला किती अँपियरचा फ्यूज आणून ठेवायचा ते सांगता येईल. प्लग तुम्हीच बसवा.