आकार पेन्सिल सेलचा, व्होल्ट ३.७ : कंट्रोलरवाल्या फॉरवर्डला उत्तर

वायरलेस गेम कंट्रोलरच्या बॅटरीबद्दल एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. माझ्याकडे तो आधी शाळेच्या ग्रुपवर आला, मग सोसायटीच्या. दोन्ही वेळा मी सोडून दिला. परवा भाच्यानं तोच पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, यातले ३.७ वाले सेल मागवू ना? कार्टमध्ये टाकून ठेवलेत.’ आता मात्र गप्प बसणं शक्य नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. एक : सेलवाले कंट्रोलर म्हणजे जुनाट प्रकार, एक्सबॉक्सवाल्यांचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं, सेल कंपनीशी साटंलोटं आहे म्हणून ते अजून विकले जातात. दोन : इनबिल्ट बॅटरीवाला घेतला की जन्माची चिंता मिटली. तीन : चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे, कंट्रोलरला पुरत नाहीत. चार : म्हणून त्याच मापाचे ३.७ व्होल्टचे लिथियम सेल घाला, ताकद दुप्पट-तिप्पट, व्हायब्रेशन दणदणीत. पाच : इनबिल्ट बॅटरी म्हातारी झाली तर शून्यावर आणा, रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग चार्ज करा, नव्यासारखी होते. सहा : सेलमुळे लॅग येतो, म्हणजे बटण दाबल्यावर खेळात परिणाम उशिरा दिसतो.

मी क्रमानं जाणार नाही. चौथा मुद्दा आधी. बाकीच्यांनी फार तर पैसे जातील, यानं आग लागू शकते.

मेसेजमधला ‘३.७ वाला’ म्हणजे १४५०० या मापाचा लिथियम-आयन सेल. छोट्या टॉर्चमध्ये वापरतात. १४ मिलिमीटर जाड, ५० मिलिमीटर लांब. आपला नेहमीचा पेन्सिल सेल, म्हणजे डबल ए, जवळपास तेवढाच असतो. त्यामुळे हा त्याच खाचेत गुपचूप बसतो, स्प्रिंगला टेकतो, झाकणही लागतं. लिहिणाऱ्याला तेवढा पुरावा पुरलेला दिसतो. रॉकेलच्या स्टोव्हच्या टाकीत पेट्रोलही मावतं.

एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये दोन सेल एकामागे एक जोडलेले असतात, म्हणजे व्होल्टची बेरीज होते. कोरा करकरीत अल्कलाइन, म्हणजे एकदाच वापरून फेकायचा, सेल १.६ व्होल्टच्या आसपास असतो. दोन मिळून ३.२. आतलं सर्किट एवढ्यासाठी आखलेलं. १४५०० वर छापलेला ३.७ हा मधला आकडा झाला. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ वर असतो. दोन घातले की ८.४. हवेत त्याच्या अडीचपटीहून जास्त व्होल्ट. म्हणजे ‘दुप्पट-तिप्पट’ हा आकडा बरोबरच आहे, फक्त तो ताकदीचा नाही, नुकसानीचा आहे. नशीब चांगलं असेल तर व्होल्टेज सांभाळणारी चिप जाते आणि कंट्रोलर मेल्यासारखा पडून राहतो. व्हायब्रेशनचं म्हणाल तर मोटर किती जोरात फिरवायची हे गेम ठरवतो आणि सर्किट तेवढीच फिरवतं. चिपनं हे व्होल्ट सोसले तरी त्यातून खेळ रंगणार नाही, मोटर झिजेल.

समजा एखाद्या बहाद्दरानं एक खरा सेल आणि एक नुसती धातूची नळी घालून ४.२ व्होल्टवर काम भागवलं. असे जुगाड लोक करतात. तरी दुसरी गोष्ट राहतेच. सेलवाला कंट्रोलर अल्कलाइन सेल जवळजवळ कोरडा होईपर्यंत पिळून घेण्यासाठी बनवलेला असतो. लिथियम-आयन सेल साधारण अडीच व्होल्टच्या खाली नेला की आतून बिघडायला लागतो. त्यातलं तांबं विरघळतं, आणि असा सेल पुन्हा चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होण्याची भीती असते. स्वस्तातल्या १४५०० मध्ये हे थांबवणारं संरक्षक सर्किट बहुधा नसतंच.

आणि मला खरी धडकी भरते ती चार्जरची. भाच्याच्या टेबलावर साधा पेन्सिल सेलचा चार्जर आहे. तो निकेल-मेटल हायड्राइड, म्हणजे १.२ व्होल्टच्या चार्जेबल सेलसाठी असतो. सेल भरला की त्याचं व्होल्टेज किंचित घसरतं, ती घसरण ओळखून चांगला चार्जर थांबतो. स्वस्तातला तर नुसतं घड्याळ लावून थांबतो. लिथियम-आयनला ४.२ व्होल्टवर काटेकोर अडवावं लागतं. ते या चार्जरला ठाऊकच नाही, आणि लिथियम सेलमध्ये ती घसरण यायची वाट बघत बसलात तर आधी धूर येईल. मेसेजमध्ये चार्जरबद्दल एक अक्षर नाही. तेरा-चौदा वर्षांची मुलं हे वाचून सेल मागवतायत, आणि ते चार्जरला लावून झोपणार आहेत.

गैरसमज नको म्हणून सांगतो, ‘लिथियम’ लिहिलेला प्रत्येक पेन्सिल सेल वाईट नाही. १.५ व्होल्टचे, एकदाच वापरायचे लिथियम सेल मिळतात, ते चालतात. आत छोटं सर्किट बसवून बाहेर १.५ व्होल्टच देणारे, केबलनं चार्ज होणारेही मिळतात, तेही चालतात. सेलवरचा व्होल्टचा आकडा वाचायचा. ३.६ किंवा ३.७ दिसला की तो पेन्सिल सेलच्या जागी घालायचा नाही. यात ‘माझ्या मित्राचा चालतोय’ला जागा नाही.

पाचवा मुद्दा, फ्रीझरचा. थंड जागी ठेवलेल्या बॅटरीचं म्हातारपण लांबतं, एवढं खरं आहे. पण लांबतं, उलटं फिरत नाही. जी क्षमता गेली ती गेली. शिवाय फ्रीझरमधून काढलेल्या कंट्रोलरवर दव धरतं, ते बटणांच्या फटीतून बोर्डावर उतरतं. आणि शून्य अंशाखाली गारठलेली लिथियम-आयन बॅटरी चार्ज केली की लिथियम आत मुरण्याऐवजी धातू होऊन पृष्ठभागावर साचतं. हे नुकसान कायमचं. म्हणजे दुरुस्ती म्हणून सांगितलेला उपायच बॅटरी मारतो. ‘आधी शून्यावर आणा’ हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम सेलच्या जमान्यातला आहे, लिथियमला तो लागू नाही. कंट्रोलर महिनाभर कपाटात जाणार असेल तर बॅटरी निम्मी भरून ठेवा. मागची बाजू फुगलेली दिसली तर दाबू नका, टोचू नका, चार्जिंगलाही लावू नका.

आता दुसरा मुद्दा, ‘जन्माची चिंता मिटली’. हे वाक्य लिहिणाऱ्यानं प्लेस्टेशन ४ चा जुना कंट्रोलर, ड्युअलशॉक ४, कधी हातात घेतलेला नसावा. त्यात १००० एमएएचची (हे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) बॅटरी होती आणि ती कोरी असतानाही लोक वैतागलेले असायचे. प्लेस्टेशन ५ च्या ड्युअलसेन्सला १५६० एमएएच मिळाली. त्याहून कितीतरी महागड्या ड्युअलसेन्स एजमध्ये पुन्हा १०५०. जास्त पैसे, कमी बॅटरी! लिथियम-आयन बॅटरी काही शे वेळा चार्ज झाली की तिची क्षमता जाणवण्याइतकी उतरते, आणि नुसती पडून राहिली तरी वयानं उतरते. त्यातून चार्जिंग डॉकवर शंभर टक्क्यांवर अडकवलेली आणि खोलीत एप्रिल-मेचा उकाडा, म्हणजे लवकर.

पण म्हणून इनबिल्ट वाईट असंही मी म्हणणार नाही. निन्टेन्डोच्या स्विच प्रो कंट्रोलरमध्ये १३०० एमएएचची बॅटरी आहे आणि कंपनी सुमारे ४० तास सांगते. मायक्रोसॉफ्टही सेलवाल्या कंट्रोलरला ४० तासांपर्यंत सांगते, आणि इनबिल्ट बॅटरीच्या आपल्या एलिट सीरिज २ कंट्रोलरलाही. म्हणजे तास ठरतात ते दिवे, मोटरी, स्पीकर किती वीज खातात त्यावर. फरक पडतो तो बॅटरी संपल्यावर नाही, मेल्यावर. निन्टेन्डोची ती बॅटरी त्यांच्याच २०११ च्या थ्रीडीएस या हातात धरून खेळायच्या यंत्रात होती तीच. काही स्क्रू काढले की हातात येते, बदलता येते. ड्युअलशॉक ४ चे मागचे चार स्क्रू काढून, आतली पट्टीची केबल जपत, बॅटरीचा प्लग उपसता येतो. ड्युअलसेन्सला आधी पुढची पट्टी आणि वरची बटणं उचकटावी लागतात, तेव्हा कुठे स्क्रू दिसतात. घरी कोणी करूच शकत नाही असं नाही. पण दहावीतल्या पोरानं स्वयंपाकघरातल्या सुरीनं करावं असंही नाही. आणि बाजारात त्याच मापाच्या बॅटरीवर २०००, ३००० एमएएच छापून विकतात. तेवढ्याच डबीत तिप्पट माल मावत नसतो.

हे मी एकटा म्हणत नाही. युरोपियन युनियननं २०२३ साली बॅटऱ्यांचा कायदा केला, नियम क्रमांक २०२३/१५४२. त्याचं अकरावं कलम १८ फेब्रुवारी २०२७ पासून लागू होतं. उपकरणात बसवलेली छोटी बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आणि बदलता आली पाहिजे, तीही बाजारात मिळणाऱ्या साध्या हत्यारांनी. खास हत्यार लागणार असेल तर ते उपकरणाबरोबर फुकट द्यायचं. कंपनीनं फक्त स्वतःपुरतं ठेवलेलं हत्यार नको, उष्णता देऊन डिंक सोडवणं नको, द्रावणं नकोत. वर, मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर निदान पाच वर्षं सुटी बॅटरी वाजवी भावात मिळाली पाहिजे आणि सॉफ्टवेअरनं ती अडवायची नाही. वैद्यकीय उपकरणं, पाण्यात वापरायच्या वस्तू अशा काहींना सवलत आहे, गेम कंट्रोलर त्यात येत नाही. बॅटरी जन्मभर टिकत असती तर एवढं कलम लिहायची वेळ कोणावर आली नसती. बदलता येणारी बॅटरी ‘जुनाट’, असं म्हणणाऱ्यांनी हे कलम वाचावं.

तिसरा मुद्दा झटकन. १.२ व्होल्टचे सेल पुरत नाहीत, हे चूक. अल्कलाइन सेल १.५-१.६ वर सुरू होतो आणि वापरता वापरता सतत घसरतो. त्याच्या आयुष्याचा बराच काळ तो स्वतःच १.२ च्या आसपास किंवा खाली असतो, आणि कंट्रोलर तेव्हाही चालतोच की. निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ ला जवळजवळ शेवटपर्यंत टिकून राहतो. बॅटरीत एकूण किती ऊर्जा साठते ते वॉट-तासांत मोजतात : २००० एमएएचचे दोन सेल म्हणजे २.४ व्होल्ट गुणिले २ अँपिअर-तास, ४.८ वॉट-तास. ड्युअलशॉक ४ ची बॅटरी ३.६५ वॉट-तासांची, ड्युअलसेन्सची सुमारे ५.७. फार लांबचा मामला नाही. खरं एवढंच की बॅटरीचं चिन्ह अल्कलाइनच्या हिशेबानं लावलेलं असल्यामुळे चार्जेबल सेलवर ते गंडतं आणि शेवटी अचानक खाली येतं. त्रासदायक आहे, मान्य. एक जास्तीची जोडी भरून ठेवायची.

पहिल्या मुद्द्यात नाइलाजानं अर्धं माप द्यावं लागतंय. जानेवारी २०२१ मध्ये ड्युरासेलच्या ब्रिटनमधल्या मार्केटिंग अधिकाऱ्यानं मुलाखतीत सांगितलं होतं, की एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला सेल पुरवण्याचा मायक्रोसॉफ्टशी जुना करार आहे. बातमी झाली. मायक्रोसॉफ्टनं उत्तर दिलं, की आम्ही ग्राहकाला मुद्दाम निवड ठेवतो : कुठल्याही कंपनीचे सेल घाला, आमचा चार्जेबल पॅक घ्या, नाहीतर केबल लावून खेळा. करार होता, पण ‘करार आहे म्हणूनच सेल आहेत’ ही मेसेजवाल्याची स्वतःची भर. आणि तीच कंपनी २०१९ पासून इनबिल्ट बॅटरीचा एलिट सीरिज २ विकते, त्याचं काय? कंपनीला धर्मादाय समजू नका, चार्जेबल पॅकचे पैसे वेगळे घेतातच. अल्कलाइन सेल दर महिन्याला विकत आणून फेकणं महाग आणि घाणेरडं आहे, हेही खरं. विसरून आत ठेवलेले सेल गळतात आणि स्प्रिंगांवर पांढरी पूड धरते. ती क्षार असते, हातमोजे घालून, कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून पुसायची. पण यातलं सगळं चार्जेबल सेल विकत घ्यायच्या बाजूचं आहे, कंट्रोलर बदलायच्या बाजूचं नाही.

लॅगबद्दल काय बोलायचं! वीज सेलमधून आली की इनबिल्ट बॅटरीमधून, हे कंट्रोलरच्या रेडिओला कळतही नाही. आतलं सर्किट त्याला ठरलेलंच व्होल्टेज देतं. लॅग असेल तर टीव्हीचा गेम मोड लावा, ब्लूटूथ तपासा.

भाच्याला सांगितलंय, कार्टमधून ते काढ. त्याऐवजी नामांकित कंपनीचे, पडून राहिले तरी चार्ज न सोडणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल, चार घे, आणि प्रत्येक सेल वेगळा तपासणारा चार्जर घे. त्याचा कंट्रोलर एक्सबॉक्सचा नव्या पिढीतला आहे, सेल अजिबात नसले तरी यूएसबी-सी केबल लावून चालतो, त्यामुळे पार्सल येईपर्यंत खेळ अडणार नाही. नवा घ्यायचा असेल तर दुकानदाराला एमएएच विचारत बसू नका. ‘यातली बॅटरी मेली तर सुटी मिळते का आणि कोण बसवतं’ हे विचारा. युरोपातलं ते कलम आपल्याकडे लागू नाही. आपल्याकडचे ऑगस्ट २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम मुख्यतः वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला देण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकतात, तेव्हा मेलेली बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.