‘मेलेली पात्रं ही पळवाट’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कथा-कादंबऱ्यांत मेलेल्या पात्रांनी बोलण्याबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मत पटलं नाही तर जरूर लिहा, पण ‘लेखकाने जवळचं माणूस गमावलेलं दिसत नाही’ हे कशाच्या जोरावर लिहिलंत? माझ्या घरात काय घडलं ते तुम्हाला ठाऊक नाही.

लेख लांबला, हे मान्य. शैलीबद्दलच्या बाकीच्या शेऱ्यांत मी शिरत नाही.

मुद्दा तुमच्या या वाक्याचा: ‘मेलेली पात्रं बोलू लागली की मृत्यूला वजन राहत नाही.’ महाभारतातलं आश्रमवासिक पर्व काढून बघा. युद्धात पडलेल्यांना व्यास एका रात्रीपुरतं गंगेतून वर बोलावतात. धृतराष्ट्राला दिव्यदृष्टी मिळते आणि हा जन्मांध बाप आपली मुलं पहिल्यांदा बघतो, तीही मेल्यावर. युद्धाआधी हीच दृष्टी त्याने नाकारली होती, आप्तांचा संहार बघवणार नाही म्हणून. रात्र सरते, मुलं निघून जातात. राजाचा शोक निवाला असं पुढे सांगितलंय. माझा, वाचणाऱ्याचा, निवत नाही. यात मृत्यू हलका कुठे झाला?

ब्राझीलचे लेखक माशादो द आसिस यांच्या १८८१ सालच्या कादंबरीत नायक ब्रास कुबास मेल्यानंतर आत्मचरित्र लिहितो. जिवंतपणी अब्रू सांभाळावी लागते. मेल्यावर तो आपला कोतेपणा उघड सांगू शकतो. ही पळवाट म्हणायची?

कथा अडली की भुताला आणून गुपित फोडायचं, असलं लिखाण मलाही खपत नाही. मेलेल्याने बोलावं, पण घडून गेलेलं त्याला बदलता येऊ नये. लेखात हेच म्हटलं होतं. तेवढं तरी वाचायला हवं होतं.

आणि अनुभवाचंच म्हणाल तर, शेवटच्या आजारात माझे वडील रात्री त्यांच्या आईशी बोलायचे. आजीला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. चादरीचा काठ चाचपत ‘आई, दार लावलंस का?’ असं विचारायचे, उत्तरासाठी थांबायचे आणि मग मान हलवायचे. मी उशाशी बसून असायचो. आजी नाही, हे त्यांना सांगायला माझी जीभ कधी रेटली नाही. ते थांबायचे तेवढा वेळ आजी त्या खोलीत नव्हती, असं मी आजही छातीठोकपणे म्हणणार नाही. त्या खोलीत मृत्यूला वजन नव्हतं, असं मला कुणी सांगू नये.

पुढच्या वेळी कुठलं मेलेलं पात्र खोटं वाटलं, कुठल्या प्रसंगात, ते लिहा. त्यावर बोलू. माझ्या घरातल्या मृत्यूंबद्दल अंदाज बांधणार असाल तर उत्तर मिळणार नाही.